रंकाळा स्टँडवरचा डबा

शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा संपली त्या दिवशी मी वसतिगृहातली खोली रिकामी करून संध्याकाळच्या गाडीने गावी जाणार होते. हे आईला ठाऊक होते, तरीही सकाळच्या पहिल्या एसटीने तिने डबा पाठवला. मी नेहमीसारखी कोल्हापूरच्या रंकाळा स्टँडवर गेले आणि खांबाजवळ ओळीने मांडलेल्या पिशव्यांतून माझी निळी पिशवी उचलली. पिशवीवर आईने लाल दोऱ्याने माझे नाव विणले आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या तिच्या हाताने त्यातली एक वेलांटी उलट्या बाजूला गेली आहे आणि तीन वर्षे ती तशीच राहिली. त्या दिवशी डब्यात दोन भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा होता. खोलीत सामान बांधून ठेवले होते, गाद्या गुंडाळल्या होत्या आणि उघड्या फरशीवर बसून मी तो डबा खाल्ला.

भोगावतीच्या काठावरच्या आमच्या गावातून कोल्हापूरला शिकायला येणाऱ्या मुलांचे डबे एसटीने येतात. आमच्या भागाला यात काहीच नवल वाटत नाही. पण बाहेरच्या मैत्रिणींना मी हे सांगितले, तेव्हा त्यांना ते खरे वाटेना. पहाटे साडेचारला चूल पेटते आणि सहाच्या सुमारास गाडी पाराजवळ येते. घराघरांतून पिशव्या निघतात, ड्रायव्हर त्या पुढे स्वतःजवळ ठेवतात, आणि गाडी रंकाळा स्टँडला लागली की ठरलेल्या खांबाजवळ उतरवतात. या कामाची पावती नाही, भाडे नाही आणि कोणाची सहीही नाही. पिशवी गाडीत चढवण्याचे काम आजीचे असे, आणि ती चढवताना ती हमखास "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणे. गाडीतले दोघे-चौघे आपसूक तिला साथ देत. माझ्या शिक्षणाची प्रत्येक सकाळ अशी, मी तिथे नसताना, त्या पारावर सुरू होत होती.

वसतिगृहातून महाविद्यालयात जाताना वाटेत दसरा चौक लागे. राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती आणि आसपास जी जुनी बोर्डिंगे उभी आहेत, त्यांच्याकडे पहिल्या वर्षी मी केवळ इमारती म्हणून पाहत असे. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, 1906 साली मुस्लिम बोर्डिंग, 1908 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक वसतिगृहे महाराजांच्या प्रेरणेने आणि मदतीने या गावात निघाली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यामुळे. शाळा काढली म्हणजे खेड्यातले मूल शिकेल असे नाही, त्याला शहरात रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते, हे त्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले. आमच्या शिवारात ऊस उभा आहे तोही त्यांनीच काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाच्या पाण्यावर. माझ्या घरच्यांबद्दल लिहायला बसल्यावर महाराजांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण आईच्या डब्याला शहरात उतरायला जी जागा मिळाली, ती कोणीतरी आधी करून ठेवलेली होती.

पहिल्याच वर्षी डबा बंद पडला. करोनामुळे मिटलेली महाविद्यालये 2021 च्या ऑक्टोबरमध्ये उघडली, मी पहिल्यांदा वर्गात बसले, आणि नोव्हेंबरात एसटी कर्मचाऱ्यांचा संप राज्यभर पसरला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. आमच्या गावच्या गाडीचे कंडक्टरकाकाही संपात होते. आईने पहिले दोन दिवस काही सुचेना म्हणून काढले आणि तिसऱ्या दिवशी ती गावातून दूध घेऊन निघणाऱ्या गाडीवाल्याच्या घरी जाऊन बसली. त्यानंतर आठवड्यातून तीन-चार दिवस डबा दुधाच्या कॅनांच्या शेजारी बसून येऊ लागला. त्या पिशवीला दुधाचा वास लागायचा. एकदा तिने पिशवीत जास्तीच्या चार भाकरी घातल्या आणि फोनवर सांगितले, "कंडक्टरला निऊन दी. पगार न्हाई त्यांस्नी." स्टँडवर संपकऱ्यांच्या मंडपात मी त्या नेऊन दिल्या. ज्यांनी महिनाभरही ओळख नसलेल्या माझ्या डब्याची काळजी घेतली होती, त्यांच्या हातात आमच्या घरची भाकरी देताना मला बोलायला शब्द सापडला नाही. तेही काही बोलले नाहीत.

ज्या दिवशी दुधाच्या गाडीचा मेळ बसत नसे, त्या दिवशी शाहूपुरीतली माझी मैत्रीण दोन डबे आणी. शाहूपुरी ही 1895 साली गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली पेठ. आमच्याकडची जुनी माणसे गुळाच्या गाड्या घेऊन तिकडे जात, एवढाच तोवर आमच्या घराचा आणि त्या पेठेचा संबंध होता. तिच्या अम्मीने मला पाहिलेही नव्हते, तेव्हापासून त्या माझ्यासाठी डबा भरत होत्या. संपाच्या शेवटच्या आठवड्यांत रमजान सुरू झाला. मैत्रिणीचे रोजे होते, एप्रिलचे ऊन होते, आणि ती पाण्याचा थेंबही न घेता सकाळपासून वर्गात बसत होती. तरी दुपारी माझा डबा तिच्या पिशवीतून निघेच. मला तिच्यासमोर घास घेववेना. मी डबा घेऊन दुसरीकडे जाऊ लागले, तेव्हा ती माझ्या मागे आली, समोर बसली आणि म्हणाली, "तू जेवली नाहीस तर अम्मी मला विचारणार. तिला खोटं सांगायला लावू नकोस, माझा रोजा आहे." त्या दुपारी मी खाली मान घालून जेवले. ईदेच्या आधी आजीने माझ्या वडिलांकडून गुळाचा एक नवा रवा, म्हणजे ढेप, मागून घेतला, धुतलेल्या फडक्यात बांधला आणि त्यांच्या घरी द्यायला माझ्या हाती दिला.

गुळाच्या खड्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायला हवे. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारे, आहेत. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे सुरू झाली की त्यांचे घरी येणे जवळजवळ थांबते. चरकातून रस निघतो, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, पडतो, चुलवाणात चिपाडांचा जाळ लागतो आणि रस तापू लागला की आप्पा त्यावरून नजर हटवत नाहीत. रानभेंडीचा बुळबुळीत रस घालून मळी वर आणायची, ती काढून टाकायची, चुन्याची निवळी किती घालायची ते ठरवायचे, आणि शेवटी पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी होते का ते पाहायचे. गोळी जमली की क्षणभरही थांबायचे नाही, काहील उतरवायची. फोनवर आप्पा चार शब्दांपुढे कधी बोलले नाहीत, "बरी हाईस न्हवं?" एवढे विचारून ते फोन आईकडे देत. पण हंगामात दर सोमवारी डब्यात त्यांच्या आदणातला, म्हणजे त्यांनी काढलेल्या गुळातला, एक खडा असे, आणि त्याच्या रंगावरून मला घरची खुशाली कळे. खडा सोनेरी आणि टणक असला की आठवडा चांगला गेला. काळपट किंवा हाताला चिकटणारा असला की काहीतरी बिनसले आहे. 2021 च्या जुलैत पंचगंगेने धोक्याची 43 फुटांची पातळी ओलांडून 50 फुटांच्याही वर मजल मारली. आमच्या नदीकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला, आणि त्या हंगामातले कितीतरी खडे मऊ आले.

मी पदवीला रसायनशास्त्र घेतले होते. दुसऱ्या वर्षी भौतिक रसायनशास्त्राचा माझा विषय राहिला. गावातल्या शाळेत कायम पहिल्या आलेल्या मुलीला हे कसे लागले असेल, ते मी इथे वाढवून सांगत नाही. दोन दिवस मी घरी कळवले नाही. तिसऱ्या दिवशी गावी गेले आणि रात्री जेवण झाल्यावर गुऱ्हाळावर गेले. हंगाम संपत आला होता. आप्पा काहिलीजवळ उभे होते, जाळाचा तांबडा उजेड त्यांच्या तोंडावर होता, आणि मी काहीच न बोलता बाजूच्या चिपाडांच्या ढिगावर बसले. बऱ्याच वेळाने, रसावरची नजर न काढता, त्यांनी विचारले, "काय झालंय?"

"विषय राहिलाय," मी म्हटले.

"कशाचा?"

याआधी त्यांनी मी काय शिकते ते कधी विचारले नव्हते आणि मीही आपण होऊन कधी सांगितले नव्हते. त्या रात्री मी सांगू लागले. उसाच्या साखरेच्या पाण्यात आम्ल घातले की त्या साखरेचा एक रेणू फुटतो आणि त्यातून दोन साध्या साखरा तयार होतात. प्रयोगशाळेत एका नळीतून प्रकाश सोडून आम्ही हे मोजतो. सुरुवातीला ते द्रावण प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवत असते, हळूहळू ते वळणे कमी होत शून्यावर येते आणि मग डावीकडे जाते, आणि किती वेळात किती बदल झाला यावरून त्या क्रियेचा वेग काढायचा असतो. ते गणित मला पेपरात जमले नव्हते. आप्पांनी सगळे ऐकून घेतले, मळी काढणारा हात मधेच थांबवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे आमचंच की."

मला आधी उलगडा झाला नाही. मग ते सांगू लागले. तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला की रस आंबट होतो आणि तसा रस किती आटवला तरी गूळ बसत नाही, पाण्यासारखा सुटतो. पुरात बुडालेल्या उसाचेही तेच होते. म्हणून चुन्याची निवळी घालून रसाचा आंबटपणा मारायचा, पण निवळी जास्त झाली की गूळ काळा पडतो. आणि जाळ रेंगाळू द्यायचा नाही, कारण रस जितका जास्त वेळ तापत राहील तितका तो फुटत जातो. आम्लता, तापमान आणि वेळ. माझ्या पुस्तकातल्या त्या धड्यात वेगावर परिणाम करणारे जे घटक दिले होते, ते माझे वडील तीस वर्षे काहिलीशेजारी उभे राहून हाताळत होते, आणि मी तो धडा पाठ करण्याचा प्रयत्न करत होते. त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत बोललो. त्यांनी माझ्या नापास होण्याचा विषय पुन्हा काढला नाही. आदण उतरले तेव्हा गूळ निववायच्या वाफ्याच्या कडेचा गरम गूळ तेवढा उसाच्या कांड्यावर घेऊन माझ्या हातात दिला.

पेपर सुटला तो मात्र माझ्या खोलीतल्या गडहिंग्लजच्या मैत्रिणीमुळे. समजणे आणि तीन तासांत उत्तरपत्रिकेवर उतरवणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते तिने माझ्याकडून रोज रात्री पार करून घेतले. तिचा स्वतःचा अभ्यास आटोपला की साडेदहाला ती माझ्यासमोर घड्याळ ठेवी, जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न देई आणि मी सोडवेपर्यंत जागी राही. तिच्या बोलण्याला सीमाभागातला कानडी हेल आहे. "पुन्ना एकदा कर" हे तिचे शब्द अजून माझ्या कानात आहेत. तिला त्यातून काय मिळणार होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिचे गुण त्यामुळे एकानेही वाढणार नव्हते.

ती फेरपरीक्षा नोव्हेंबरात होती, आणि त्याच दिवसांत आजी अंबाबाईच्या किरणोत्सवाला आली. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून सरळ आत येतात, गाभाऱ्यात पोहोचतात आणि देवीच्या चरणांपासून वर चढत मुखापर्यंत जातात. हे दोन वेळा का घडते हे मी आजीला गर्दीत उभ्या उभ्या समजावून सांगितले: नोव्हेंबरातले ते दिवस 22 डिसेंबरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या, जितके आधी येतात, जवळजवळ तितकेच, म्हणजे सुमारे 42 दिवस, फेब्रुवारीतले दिवस नंतर येतात, आणि त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो. आजीने मान डोलावली आणि म्हणाली, "ज्यानं देऊळ बांधलं त्याला ह्ये ठावं असणार." आम्ही गेलो त्या संध्याकाळी पश्चिमेला ढग होते. किरणे आत आली, चांदीच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच फिकी होत विरून गेली. आजूबाजूचे लोक हळहळले. मीही मनात काहीतरी ठरवून आले होते. आज किरणे मुखापर्यंत गेली तर माझा पेपर निघणार, अशी लहान मुलासारखी खूणगाठ बांधली होती, आणि ढग पाहून माझे डोळे भरून आले. आजीने मात्र नेहमी जोडते तसेच हात जोडले. "आली तेवढी आली," ती म्हणाली. "उद्या फुडं येतील." तिच्या आवाजात निराशा नव्हती, आणि समजूत घालण्याचा प्रयत्नही नव्हता. देवीपर्यंत किरणे पोहोचोत न पोहोचोत, तिचे दर्शन झाले होते.

माझी श्रद्धा आजीइतकी सरळ नाही. मला प्रश्न पडतात, आणि मी ते दडपून टाकत नाही. पण त्या संध्याकाळपासून मी देवाशी अटी घालणे सोडले. पेपरला जाताना मी महाद्वारातून आत गेले, उभी राहिले आणि काहीही मागितले नाही. आईने भाकरी थापली असेल, आजीने पिशवी गाडीत चढवली असेल, मैत्रीण खोलीवर घड्याळ पाहत असेल, एवढेच मनात आले. मी ज्याला माझी श्रद्धा म्हणते ती त्या सकाळी मला पहिल्यांदा नीट दिसली, आणि ती आजीच्या चांगभल्याहून फार वेगळी नसावी असे मला वाटते.

दादाबद्दल लिहिताना हात अडखळतो. बारावीनंतर त्यालाही शिकायचे होते. 2019 च्या पुराने घराची मागची भिंत गेली, दोन म्हशींपैकी एक दगावली, आणि त्या वर्षी तो शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत साचे भरायच्या कामाला लागला. तो अजून तिथेच आहे. मी अकरावीत होते. कोणी मला काही समजावून सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुढे माझे ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा त्याने पहिल्या बोनसमधून घेतलेला मोबाइल माझ्याकडे दिला आणि स्वतः दोन वर्षे बटणांचा जुना फोन वापरला. तिसऱ्या वर्षी एकदा मी धीर करून त्याला म्हटले की तुझे शिक्षण माझ्यामुळे राहिले. तो जेवत होता. "तुझ्यामुळं न्हाई, पुरामुळं," तो म्हणाला आणि त्याने आणखी एक भाकरी वाढून घेतली. त्याने हे किती खरे म्हटले आणि किती माझ्यासाठी म्हटले, ते मला आजही ठरवता आलेले नाही. या घरात मला मिळालेल्या सगळ्या आधारांपैकी हा एकच असा आहे की ज्याचे ओझे मला जाणवते, आणि ते जाणवत राहावे असेच मला वाटते. मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज मी त्याच्यासमोर ठेवला आहे. त्याने तो अजून भरलेला नाही, परत दिलेलाही नाही.

निकाल लागला, तेव्हा मी गुणपत्रिकेची प्रत काढून घरी नेली. आप्पांनी ती दिव्याखाली धरून सावकाश वाचली आणि राहिलेला तो विषय कोणत्या ओळीत आहे तेवढे विचारले. आईने आपले नाव पाहिले. "माझं नाव कशाला घातलंय ह्यात?" तिने विचारले. आता सगळ्यांच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव असते, असे मी म्हटल्यावर तिने पदराला हात पुसून त्या नावावरून बोट फिरवले आणि ती चुलीकडे वळली. बराच वेळ तिची पाठ आमच्याकडे होती.

या जूनमध्ये आमच्या शेजारची मुलगी कोल्हापुरात अकरावीला जाते आहे. काल दुपारी आई उंबऱ्यात बसून निळ्या पिशवीवरचे माझे नाव सुईने उसवत होती. लाल दोरा निघाला, तरी उन्हाने विटलेल्या कापडावर त्या अक्षरांची गडद निळी खूण तशीच राहिली, उलट्या वेलांटीसकट. तिने नव्या नावाची अक्षरे मला खडूने आखून द्यायला सांगितली, आणि मी आखत असताना म्हणाली, "पयल्या दिवशी तिच्यासंगं जा तू. कुठल्या खांबाजवळ ठेवत्यात ते दाखीव तिला."

सोमवारी पहिल्या गाडीने आम्ही दोघी निघणार आहोत.